दोन पाती जातात, तिसरं जात नाही

“वर ओढतोय? कोण, पूल?”

दर्ग्याच्या पायरीवर बसलेल्या दस्तगीरचाचांनी विचारलं आणि हातातली ग्रीसनं माखलेली चिंधी मांडीवर ठेवली.

“हो,” निनाद सरनोबत म्हणाला. “या कोपऱ्यात पूल खालच्या दगडी बांधकामाला वर ओढतो. दगडाचे सांधे उघडतील. म्हणून पूल धोक्याचा आहे.”

“किती ओढतो?”

“सात टन. सात पूर्णांक दोन.”

चाचांनी नदीकडे पाहिलं.

“आणि कशानं ओढतो?”

निनादला हा प्रश्न नवीन होता. दोन महिन्यांत या पुलाविषयी चार बैठका झाल्या. प्रत्येक बैठकीत साहेबलोकांनी विचारलं ते इतकंच, की किती आणि कधीपर्यंत. कशानं, हे कुणी विचारलं नव्हतं. पडद्यावर लाल रंग दिसला की खुर्च्यांवरच्या माना आपोआप हलतात. लाल म्हणजे वाईट एवढं शिक्षण सगळ्यांचं झालेलं असतं.

निनाद अठ्ठावीस वर्षांचा होता, पुण्याच्या एका सल्लागार कंपनीत होता आणि आकडेमोडीत कुणाला हार जाणारा नव्हता. पूल संगणकात उभा करायचा, त्याचे लाखभर बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यावर किती ताण येतो ते काढायचं, हे त्याचं काम. या पुलाचे त्यानं तीन लाख तुकडे पाडले होते. ते तो दोनदा सांगून चुकला होता.

पूल साठ वर्षांचा, लोखंडी, अरुंद, एकाच गाळ्याचा. आणि तिरपा. रस्ता सरळ आला असता तर पिराच्या दर्ग्यावरून गेला असता. त्या काळच्या कुणा साहेबानं रस्ता वाकवला, दर्गा वाचला, पण पूल नदीवर आडवा पडायचा तो कलता पडला.

दस्तगीर मुजावर त्या दर्ग्याचे मुजावर. आणि चौतीस वर्षं बांधकाम खात्याचे फिटर. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, तरी दर साली उरुसात संदल निघायच्या आदल्या दिवशी ते पुलाखाली उतरायचे. कबुतरांची घाण खरवडायची, चारही बेअरिंगं पुसायची, ग्रीस भरायचं. पूल काठावरच्या दगडी ओट्यावर जिथं टेकतो, तिथं दोघांच्या मध्ये जे जाड लोखंडी पाट असतात, ती बेअरिंगं. गाव म्हणायचं, चाचांचे पीर दोन. एक चादरीखालचा, एक पुलाखालचा.

उद्या संदल होता. म्हणून आज चिंधी, आज ग्रीसचा डबा.

पुलाखाली जायची वाट दर्ग्याच्या अंगणातून उतरते. दोन महिन्यांत चार अधिकारी येऊन गेले. चौघांनी कठड्याला टेकून फोटो काढले, चहा घेतला, गेले. ती वाट एकानंही उतरली नाही. निनादही आज आला तो अहवालाच्या नमुन्यात ‘प्रत्यक्ष पाहणी’ असा एक चौकोन असतो म्हणून. त्या चौकोनात बरोबरची खूण हवी होती.

अहवाल संध्याकाळी पाचपर्यंत जायचा होता. उद्या सकाळी पुलाच्या दोन्ही टोकांना काँक्रीट भरलेली पिंपं लागणार होती. पलीकडच्या कासारमळ्यातून अठ्ठावन्न मुली रोज सायकलीनं या काठावरच्या हायस्कूलला येत. पूल बंद म्हणजे सत्तावीस किलोमीटरचा वळसा. त्या रस्त्यानं एसटी नाही. आणि वळशाचा रस्ता आला की मुलीची शाळा सुटते, हे सांगायला कुठल्या संगणकाची गरज नाही. कासारमळ्यात दोन घरांनी आठवड्यापूर्वीच स्थळं बघायला सुरुवात केली होती.

हे निनादला ठाऊक होतं. त्याला वाईटही वाटत होतं. पण पूल पडला तर त्या अठ्ठावन्न जणी त्याच्यावरच असतील, हेही त्याला ठाऊक होतं. तीन रात्री त्याला नीट झोप नव्हती.

आल्या आल्या त्यानं पुण्याच्या सवयीनं हात पुढे केला होता. चाचांनी तो धरला होता, अंमळ जास्तच वेळ. त्याच्या तळव्यावर अजून काळा पंजा उमटलेला होता.

“दोरी हाय का तिथं?” चाचांनी विचारलं.

“कसली दोरी?”

“ओढायला, साहेब. गाईला ओढायचं तर दावं लागतं. हितं काय हाय?”

“जोडलेलं आहे ते.”

“कुणी जोडलं?”

निनादनं बॅगेतून लॅपटॉप काढला.

“मी चौतीस वर्षं खाली होतो,” चाचा म्हणाले. “मी तर न्हाई जोडलं. तुम्ही कधी आला हुता जोडायला?”

निनादच्या कानशिलांवर रक्त चढलं. त्यानं लॅपटॉप उघडून चित्र दाखवलं, तीन लाख तुकडे पुन्हा सांगितले, गणित कुणाचं तोंड बघून उत्तर देत नाही असंही ऐकवलं. चाचांनी चष्मा लावून ते चित्र मनापासून पाहिलं. निळा पूल, हिरवा पूल, आणि दर्ग्याकडच्या काठाचा, प्रवाहाच्या खालच्या अंगाचा कोपरा लालभडक.

“झ्याक हाय,” ते म्हणाले. “उरुसाला छापून लावू.”

तेवढ्यात तालुक्याहून साहेबांचा फोन आला. पिंपं टेम्पोत चढवून झाली होती, अहवाल कुठवर आलाय, एवढंच विचारायचं होतं. निनाद पाच म्हणाला. फोन ठेवला, लॅपटॉप मिटला, उठला. राग आला तरी आजोबांच्या वयाच्या माणसाला पाठ दाखवून जायचं त्याच्या रक्तात नव्हतं. त्यानं ताठ उभं राहून दोन्ही हात जोडले.

“येतो मी.”

“थांबा.” चाचा म्हणाले. “हात तसंच ऱ्हाऊ द्या.”

निनाद हात जोडून उभा राहिला. गाढवासारखा, असं त्याला वाटलं.

“दाबा. एकमेकावर. जोरात.”

त्यानं दाबले. बोटांची पेरं पांढरी पडली.

“लागतंय जोर?”

“लागतोय.”

“आता उजवा हात मागं घ्या.”

त्यानं घेतला.

“डावा किती आला संगं?”

निनादचा डावा हात होता तिथंच होता, हवेत, एकटा...

चाचांनी आपला हात पुढे केला. निनादनं नकळत तो धरला. चाचांनी मूठ आवळली आणि मागं झुकले. निनाद दोन पावलं ओढला गेला, चाचांच्या मांडीवरच पडायचा, पायरीला गुडघा टेकून सावरला.

“तुमच्या पेटीत ह्यातलं कुठलं घातलंय?” चाचांनी विचारलं. हात सोडला.

निनाद पायरीवरच बसला.

मग त्यानं लॅपटॉप उघडला. पण चित्र काढलं नाही, एक यादी काढली. पुलाचा नकाशा संगणकात घेतला, की त्यातले कुठले कुठले भाग एकमेकांना लागून आहेत ते संगणक स्वतःच शोधतो आणि सगळे एकमेकांना चिकटवून टाकतो. त्याला तेवढंच येतं. तशा बासष्ट जागा होत्या. बासष्टच्या बासष्ट चिकटवलेल्या. त्यातल्या एकाही जागी निनादनं ‘चिकटव’ म्हटलेलं नव्हतं. एकाही जागी ‘चिकटवू नको’ असंही म्हटलेलं नव्हतं. ती यादी त्यानं उघडलीच नव्हती.

तीन लाख तुकडे त्यानं मोजले होते. चार टेकू बघितले नव्हते.

वरून उसाचा ट्रॅक्टर आला. मागे दोन ट्रेलर, माथ्यापर्यंत ऊस. धडधडत पुलावर चढला, पलीकडे गेला, उतरला. आणि त्याच क्षणी पायाखालून आवाज आला.

ठक.

ड्रायव्हरनं मागं न बघता हात वर केला.

“काय आवाज तो?” निनादनं विचारलं.

चाचांनी सांगितलं ते असं, की या पुलावरून जड गाडी उतरली की हा ठोका पडतो. चाचा नोकरीला लागले तेव्हाही पडत होता. ड्रायव्हर लोक म्हणतात, पूल पिराला सलाम करतो. ठोका ऐकला की हात वर करायचा आणि म्हणायचं, सलाम पोचला. नवीन ड्रायव्हर असेल तर त्याला जुना शिकवतो. एका साखर कारखान्यावर म्हणे ठोका चुकला तर त्या दिवशी खेप करत नाहीत.

“आणि तुम्ही काय म्हणता?” निनादनं विचारलं.

“मी मुजावर हाय. मी बी सलामच म्हणतो.” चाचा हसले. “आणि फिटर हाय. चला खाली.”

वाट चिंचोळी होती. निनादचे पुण्याचे बूट घसरत होते; चाचा अनवाणी, पुढे. पुलाच्या पोटाखाली गार होतं. कबुतरं फडफडली. दर्ग्याकडच्या खालच्या कोपऱ्यात, लाल कोपऱ्यात, दोन लोखंडी पाट एकावर एक बसलेले होते. मध्ये बोल्ट नाही, पट्टी नाही, रिव्हेट नाही. नुसतं ओझं.

“हात लावा.”

निनादनं बोटं फटीवर ठेवली. फट नव्हतीच, दोन्ही पाट घट्ट बसलेले.

दुसरा ट्रॅक्टर आला. आधी वरचं लोखंड गुणगुणलं. मग ते वजन मधोमध गेलं, पलीकडे सरकलं, आणि निनादच्या बोटांना कळलं. वरचा पाट उचलला गेला होता. केसभर. बोटांच्या टोकांना गार वारा लागला. खालचा पाट जिथल्या तिथं.

ठक. पुन्हा घट्ट.

“ओढलं का खालच्याला?” चाचांनी विचारलं.

निनादनं मान हलवली. नाही.

“चार पायांचं स्टूल हाय हे. तिरपं. एका अंगाला बसलं की एक पाय उचलतो. उचलू द्या की त्याला. चिकटवून ठिवलं तर फरशी उपटंल.”

“किती उचलतो?” निनादनं विचारलं. मग आपलाच प्रश्न ऐकून ओशाळला.

पण या प्रश्नावर चाचांचा चेहरा खुलला. त्यांनी ओट्याच्या कोनाड्यातून एक पत्र्याचा डबा काढला. आत हॅक्सॉची जुनी पाती होती, लोखंड कापायच्या करवतीची, दात झिजलेली. दर साली याच दिवशी उसाचा ट्रॅक्टर पुलाच्या पलीकडच्या टोकावर थांबवायचा आणि फटीत पाती सरकवून बघायची.

“दोन पाती जातात,” चाचा म्हणाले. “तिसरं जात न्हाई.”

“कधीपासून?”

“मी मोजतोय तवापासून. ज्या साली तिसरं गेलं असतं, त्या साली मीच काटे टाकून पूल अडवला असता. तुमच्या पिंपांची वाट बघितली नसती.”

खात्याकडे या पुलाच्या सहा जाड फायली आहेत. त्यात रंगरंगोटीची पत्रं आहेत, पाहुण्यांच्या दौऱ्याची पत्रं आहेत, कठड्यावर कुणाचं नाव आधी यावं याचा सात महिन्यांचा पत्रव्यवहार आहे. या पात्यांची एक ओळ नाही. कारण ज्याला माहीत होतं त्याला कुणी विचारलं नाही, आणि जे विचारायला आले ते खाली उतरले नाहीत.

निनादनं एक पातं मागून घेतलं. खिशातल्या मापानं त्याची जाडी मोजली, वहीत लिहिली.

वर आल्यावर त्यानं दर्ग्याच्या ओसरीत रोषणाईच्या माळेचा प्लग काढून लॅपटॉप जोडला. आधी यादीतल्या त्या चार जागा सोडवल्या. चिकटवायचं नाही, नुसतं टेकायचं. दाबलं तर दाब सहन करायचा, उचललं तर सोडून द्यायचं. मग संगणकाला कामाला लावलं. पंखा घोंगावत राहिला. चाचांनी चहा सांगितला.

वीस मिनिटांनी उत्तर आलं आणि निनादनं डोक्याला हात लावला.

“काय झालं?”

“पूल गेला.”

“पडला?”

“नाही. सरकला. चार किलोमीटर.”

चाचांनी चहाची बशी खाली ठेवली.

“कुठल्या अंगाला?”

“पलीकडे.”

“मग कासारमळा मागं पडला,” चाचा म्हणाले. “पोरींना आता उलटं यावं लागंल.”

निनाद हसला. तीन दिवसांत पहिल्यांदा. आणि हसता हसता त्याला दिसलं आपण काय केलं ते.

“सगळंच सोडलं मी,” तो म्हणाला.

“आधी सगळं धरलं हुतंस.” चाचा एकेरीवर आले होते, दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. “बेअरिंगं चार. चौघं भाऊ, पर काम एक न्हाई. वरच्या अंगाला हिकडं खुंटी हाय, बघितलीस? त्यो धरतो. त्याच्या समोर पलीकडं खाच हाय. उन्हाळ्यात पूल लांबतो, त्याला सरकायला वाट हाय, पर आडवं जाऊ देत न्हाई. ऱ्हायलं दोघं. ते नुसतं बसत्यात.”

“एक धरतो, एक वाट दाखवतो...”

“आणि दोघं बसत्यात. बसणं बी काम हाय, बाबा.”

निनादनं ते तसं भरलं. एका जागी खुंटी. एका जागी खाच. दोन जागी नुसते पाट. खालच्या कोपऱ्याला उचलायची मुभा. मग संगणकातल्या पुलावर पलीकडच्या टोकाला उसाचा ट्रॅक्टर उभा केला, दोन ट्रेलरसकट, आणि कळ दाबली.

या वेळी चाळीस मिनिटं लागली. चाचा आत जाऊन चादरीची घडी घालून आले. निनाद ओसरीच्या खांबाला टेकून बसला होता; नखं खात होता. घड्याळात पावणेचार झाले होते. फोन दोनदा वाजला. त्यानं घेतला नाही.

चित्र उमटलं.

लाल कुठंच नव्हतं.

त्यानं विश्वास ठेवला नाही. सोडलेल्या कोपऱ्याचं ओझं शेजारच्या दोघांवर गेलं असणार, आधी ते बघितलं. गेलं होतं. पिवळं झालं होतं, पण मर्यादेच्या बरंच आत. लोखंड तपासलं, दगड तपासला. ट्रॅक्टर जागोजागी उभा करून पुन्हा तपासलं. मग सगळ्यात शेवटी त्यानं लाल होता त्या कोपऱ्यावर खूण करून विचारलं, हा किती उचलला जातो?

दीड मिलिमीटर.

त्यानं वही काढली. पात्याची जाडी दोननं गुणली. एक पूर्णांक तीन. तिनानं गुणली. एक पूर्णांक पंच्याण्णव.

दोन पाती जातात. तिसरं जात नाही.

निनादनं डोळे मिटले. छातीवर कुणी तीन दिवस बसलेलं होतं ते उठून गेलं. त्याला एकदम भूक लागली. चाचांनी पुढे केलेला मलिदा त्यानं वाटीभर खाल्ला, वाटी पुसून खाल्ला, आणखी मागितला.

“आणि ते सात टन कुठं गेलं?” चाचांनी विचारलं.

“कुठंच नाही, चाचा. ते नव्हतेच. मी आणले होते.”

त्यानं अहवाल नव्यानं लिहिला. पूल बंद करण्याचं कारण नाही. एका वेळी एकच जड गाडी सोडावी. ठोका खाऊन खाऊन झिजलेले त्या कोपऱ्यातले पाट यंदा बदलावेत. फट दर साली मोजावी. मोजण्याची पद्धत सोबत जोडली आहे. ती पद्धत त्यानं हॅक्सॉच्या पात्यांसकट लिहिली, चाचांच्या नावासकट लिहिली, आणि इतकी वर्षं मोजमाप होत असताना खात्यानं ते मागवलं का नाही, असा एक प्रश्न शेवटी टाकला. हे वाक्य पुण्याच्या ऑफिसातल्या त्याच्या वरिष्ठ मॅडम काढायला सांगतील असं त्याला वाटलं. मॅडमनी सगळा हिशेब फोनवर पुन्हा वदवून घेतला, दोन ठिकाणी अडवलं, आणि ते वाक्य ठेवलं.

तालुक्याचे साहेब मात्र रागावले. पूल सुरक्षित आहे याबद्दल ते काही बोलले नाहीत. टेम्पोत चढवलेली पिंपं आता उतरवायची कुणी, हे त्यांचं म्हणणं होतं. निनादनं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला की साहेब, तुम्ही या एकदा, खाली उतरून बघा, मी थांबतो. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

पाच वाजले. हायस्कूल सुटलं.

मुली सायकली हाणत पुलावर आल्या, तिघी तिघी ओळीनं, घंट्या वाजवत. त्यांच्या ओझ्यानं कोपरा हललाही नाही. पिराकडे बघून कुणी हात वर केला, कुणी नाही केला. पूल बंद होणार होता हे त्यांच्या घरी माहीत होतं. होणार नाही हे गावात अजून कुणालाच माहीत नव्हतं. फक्त ओसरीतल्या दोघांना.

निनादनं बॅग भरली. बूट घातले. चाचांसमोर येऊन उभा राहिला आणि अडला.

हात पुढे करावा तर दुपारची मूठ आठवली. जोडावेत तर हवेत एकटा राहिलेला डावा हात आठवला. पाया पडावं तर चाचा पाय मागं घेतील हे दिसत होतं. त्याचे दोन्ही हात अर्धवट वर येऊन तिथंच थांबले.

“चाचा,” तो म्हणाला, “मला पुन्हा यायचंय. शिकायला.”

चाचा त्या हातांकडे बघत राहिले...

मग वाकले. चिंधी खांद्यावर टाकली, पायरीवरचा ग्रीसचा डबा उचलला.

“तीन बेअरिंगं पुसून झाल्यात. चौथं ऱ्हायलंय,” ते म्हणाले. “हात रिकामंच हाईत न्हवं? मग ह्यो डबा धर.”